नाशिकहून शिडाच्या बोटीनं कोकणातली ओसाड बंदरं बघायची तर: दोघांसाठी गाईड

नाशिकला समुद्र नाही, त्यामुळे शिडाच्या बोटीनं फिरायला जातोय म्हटलं की समोरचा आधी हसतो. अशा माणसाला पांडवलेण्यात दहा नंबरच्या लेण्यात घेऊन जायचं. तिथे नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं केलेल्या दानधर्माची यादी कोरलीये, आणि त्यात इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहानुका या नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्यांची सोय केली असं स्पष्ट लिहिलंय. दाहानुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी. म्हणजे जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरात बसून कुणीतरी किनाऱ्यावरच्या होड्यांचा हिशोब लिहून ठेवत होतं, मग आपण का नाही जायचं.

हे गाईड दोघांसाठी आहे, नवरा-बायको किंवा जे कोण असाल ते, ज्यांना पोहता येतं, थोडे पैसे बाजूला टाकता येतात आणि रिसॉर्टचा कंटाळा आलाय. पट्टा मी धरलाय तो मांडवा ते हर्णै, जमलंच तर दाभोळ. मालवणकडे अजून सुंदर आहे पण नाशिकहून पहिल्यांदा निघणाऱ्यांनी एवढ्यावर थांबावं.

सगळं प्लॅनिंग ज्या एका गोष्टीभोवती फिरतं ती आधी सांगते. ही सगळी जुनी गावं, बंदरं, किल्ले पाण्याकडे तोंड करून बसलेत. रस्ता खूप नंतर आला आणि तो मागच्या दारानं आला. गाडीनं गेलं की तुम्ही पार्किंगमधून, भज्यांच्या टपऱ्यांमधून त्या जागेच्या पाठीत शिरता आणि मग वाटतं की इथे बघण्यासारखं काय आहे, चार पडक्या भिंती. पाण्यातून आलात की कळतं बुरूज तिथेच का आहे, गाव खाडीच्या त्याच वळणावर का वसलं, आणि बऱ्याचदा हेही कळतं की ते ओस का पडलं, कारण तुमच्या बोटीच्या तळालाही तोच गाळ लागत असतो ज्यानं ते बंदर बंद पाडलं. पण पाण्यातून जायचं म्हणजे आपल्या सोयीनं नाही, भरतीच्या सोयीनं जायचं.

आधी शिकणं

दोघांनी शिकायचं. एकानं शिकून दुसऱ्यानं फोटो काढायचे असं चालत नाही, कारण पाण्यात पडणारा नेमका तोच असू शकतो ज्याला बोट चालवता येते. ही भीती घालत नाहीये, पण दोनच माणसं असताना दुसरा माणूस म्हणजे तुमची पूर्ण रेस्क्यू टीम.

पोहण्यापासून सुरू करा, महापालिकेच्या तलावात रोज सकाळी जा, कपडे आणि लाइफ जॅकेट घालून पोहायची पण प्रॅक्टिस करा (तिथल्या कोचला आधी विचारून, नाहीतर ते शिट्टी मारून बाहेर काढतात). नंतर पाण्याची, वाऱ्याची सवय लावायला गंगापूर धरणाचं बॅकवॉटर आहे, बोट क्लब आहे. स्वतःची छोटी बोट धरणात टाकायची असेल तर जलसंपदा खात्याची परवानगी लागते, शहराचं पिण्याचं पाणी आहे ते, गुपचूप काही करू नका. गंगापूरला वारा डोंगरांमधून तुकड्यातुकड्यानं येतो, आत्ता काहीच नाही आणि पुढच्या मिनिटाला शीड फाडेल असा झोत, त्यामुळे शिकायला वैताग येतो, पण इथे हात बसला की समुद्रावरचा सरळ वारा सोपा वाटतो हे मात्र खरं. आणि कुणी म्हणालं की दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसांचं पाण्यात काय काम, तर चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचं नाव सांगा, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला भारताकडून तोच होता.

खरा सेलिंगचा कोर्स मात्र समुद्रावरच करा, मुंबई हार्बर किंवा मांडव्याच्या बाजूला शिकवणारे आहेत. शिकवणाऱ्याला सरळ सांगायचं की आम्हाला रेसमध्ये जायचं नाही, आम्हाला चार गोष्टी पक्क्या पाहिजेत: शीड कमी करणं (रीफ घेणं), पाण्यात पडलेल्याला परत उचलणं, नांगर टाकणं आणि इंजिन बंद पडलं तर नुसत्या शिडावर धक्क्यापर्यंत येणं.

बोट कुठली

परदेशात कसं, लायसन्स दाखवून बोट भाड्यानं घेता येते आणि स्वतः चालवता येते, तसं आपल्या कोकणात सहज मिळत नाही. त्यामुळे दोन रस्ते आहेत. एक, बोट आणि चालवणारा माणूस दोन्ही भाड्यानं घ्या, सुकाणू तुम्ही धरायचं आणि तो बाजूला बसेल असं आधीच ठरवून. पहिल्या वेळेला हाच रस्ता घ्या, त्यात कमीपणा काही नाही, आणि त्यातही ज्याच्या घरात मासेमारी आहे असा स्थानिक तांडेल (होडीचा प्रमुख) मिळाला तर पॉलिश्ड स्किपरपेक्षा तोच बरा, कारण कुठल्या खाडीच्या तोंडाशी यंदा वाळूचा दांडा कुठे सरकलाय हे नकाशात नसतं, त्याच्या डोक्यात असतं. दुसरा रस्ता, जुनी छोटी बोट विकत घ्यायची, २० ते २५ फुटी, कील (तळाखाली असलेली पाती) वर उचलता येणारी, छोटं आउटबोर्ड इंजिन असलेली. खोल कीलची देखणी बोट या खाड्यांत नेलीत तर ओहोटीला ती चिखलात कुशीवर आडवी पडेल. बोट स्वतःची असेल तर रजिस्ट्रेशनचं मेरीटाइम बोर्डाकडे नीट विचारून घ्या आणि सगळी कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घालून बोटीवर ठेवा, किनाऱ्यावर सागरी पोलीस आणि कोस्ट गार्ड चेक करतात आणि ते केलंच पाहिजे. दोघांचं आधार कार्ड बरोबर. सॅटेलाइट फोन कुणी परदेशातून आणून दिला असेल तर तो घरीच ठेवा, परवान्याशिवाय इथे चालत नाही.

वारा, सीझन आणि तिथी

हा भाग दोनदा वाचा.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात प्रश्नच नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद असते आणि कोळी लोक नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय निघत नाहीत, त्यांना कळतं ते आपल्यालाही कळावं. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळं येतात, २०१७ चं ओखी डिसेंबरच्या सुरुवातीला आलं होतं, त्यामुळे हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज रोज बघायचा. मार्चनंतर दुपारचा वारा दांडगा होत जातो. द्राक्षाची बाग असलेल्यांनी डिसेंबरमध्येच उरकून घ्या, जानेवारीपासून काढणी सुरू झाली की घरातून पाय निघणार नाही.

या दिवसांत वाऱ्याचं टाइमटेबल असतं. रात्री उशिरा ते सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, हलका आणि थंड. मग तासभर, कधी दोन तास, काहीच नाही. बारानंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तीन-चारला जोर धरतो आणि सूर्य बुडाला की पडतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत ना, ते इथे वापरायचे. याचा सरळ अर्थ असा की उत्तरेकडून दक्षिणेला जाताना दिवसभर वारा तुमच्या बाजूनं किंवा मागून असतो आणि परत उत्तरेला येताना दुपारी तोच वारा तोंडावर असतो, मग नागमोडी वळणं घेत घेत जीव जातो. म्हणून मांडव्याहून खाली जा आणि परत यायचं असेल तर फक्त सकाळच्या मतलईवर थोडं थोडं वर या, किंवा बोट तिकडेच ठेवून एसटीनं घरी या. अजून एक, निफाडचा पारा पार खाली गेल्याच्या बातम्या यायला लागल्या की उत्तरेचा वारा किनाऱ्यावरही रेटून वाहत असू शकतो, त्या दोन दिवसांत निघू नका, गोदाकाठी शेकोटी करा.

आता भरती. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, मध्ये साधारण सव्वासहा तास, आणि रोज भरती पाऊण तासानं वगैरे पुढे सरकते. मुंबई-रायगडच्या बाजूला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते तेव्हा त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. जुने लोक वेळ काढतात ती तिथीवरून, तिथीला पाऊणनं गुणायचं, जे येईल तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर. हा अंदाज मुंबई-रायगडला चांगला बसतो, दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधी येते. पक्की वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्याच, पण सुट्टी कुठल्या आठवड्यात टाकायची हे ठरवायला कालनिर्णय पुरतं.

खाडीत शिरायचं ते चढत्या पाण्यात, भरती अर्धी झाल्यावर आणि पूर्ण व्हायच्या आत. चढत्या पाण्यात बोट वाळूला टेकली तर दहा मिनिटं थांबा, पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात टेकली तर सहा तास गावातली पोरं तुमच्याकडे बघत बसतील. आणि ओहोटीचं पाणी खाडीतून जोरात बाहेर येत असताना वरून दुपारचा खारा वारा आत ढकलत असेल तर तोंडाशी आखूड, उभ्या, फुटणाऱ्या लाटा होतात, त्यात छोट्या बोटीनं अजिबात जायचं नाही, बाहेर थांबा. पाणी सगळे सहा तास एकाच वेगानं चढत नाही हेही लक्षात ठेवा, बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. मधले दोन तास सगळ्यात जोर.

हे सगळं एकत्र केलं की उत्तर येतं: षष्ठी ते दशमी. सकाळी साडेचार ते साडेसातच्या मध्ये पूर्ण भरती, म्हणजे उजाडताना निघालात तर उतरतं पाणी आणि मतलई दोघं मिळून तुम्हाला बाहेर काढतात. संध्याकाळी परत साडेचार ते साडेसातला भरती, म्हणजे दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर चढत्या पाण्यात पुढच्या खाडीत. भांगाचे दिवस असल्यानं प्रवाहही मवाळ. बहुतेक जोडपी हौसेनं पौर्णिमा निवडतात, चांदण्यात बोट वगैरे, आणि मग संध्याकाळी सहाला खाडीच्या तोंडाशी पोचतात तेव्हा पाणी सगळ्यात खाली असतं आणि समोर मैलभर चिखल. चांदणंच हवं असेल तर शुद्ध पक्ष घ्या, शुद्ध अष्टमीला मध्यरात्रीपर्यंत चंद्र असतो, तेवढा बास आहे, त्यानंतर कोण जागं राहतंय, पहाटे उठायचं असतं.

रूट

नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडा, मुंबईत उतरून गेटवेहून लाँचनं मांडवा. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते, तासाभरात पोचवते. सामान जास्त असेल तर गाडीच बरी, कसारा उतरून पनवेलमार्गे रस्त्यानं पण येता येतं पण भिवंडीच्या ट्रॅफिकबद्दल मी काही बोलत नाही.

मांडवा ते रेवदंडा साधारण १६ ते १८ सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर, आणि छोटी बोट तासाला चार मैल धरा, उगाच पाच धरू नका. वाटेत खांदेरी-उंदेरी ही किल्ल्यांची बेटं लागतात, १६७९ मध्ये खांदेरीवर मराठ्यांनी बांधकाम सुरू केलं म्हणून इंग्रज भांडायला आले होते, बेटाला लांबून बघत वळसा घाला, आजूबाजूला खडक आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यात खांदेरी आहे, पुढे लागणारा सुवर्णदुर्ग आहे आणि आपला बागलाणातला साल्हेरही आहे, तेवढंच डेकवर बसून मिरवायला.

रेवदंडा हे या ट्रिपमधलं मला सगळ्यात आवडणारं ठिकाण, इथे दोन रात्री ठेवा. कुंडलिका नदीचं तोंड, उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला. शिरताना साळावकडे जाणारे बार्ज (सपाट मालवाहू बोटी) सांभाळा, त्यांना चटकन वळता येत नाही. हे चौल बंदर, ग्रीक लोकांना माहीत होतं इतकं जुनं, पुढे पोर्तुगीजांनी इथे तटबंदीच्या आत अख्खं शहर उभं केलं, चर्च, मठ, घरं, सगळं. १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आलं, तिकडे मुंबई वाढत गेली, इकडे खाडी गाळानं भरत गेली आणि शहर संपलं. आता त्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, मधूनच एका वाडीत चर्चची भिंत उभी, सातखणी मनोरा उभा, त्याच्या पायाशी कुणाच्या तरी दोरीवर कपडे वाळत घातलेले. ओसाड म्हणावं तर माणसं राहताहेत, वस्ती म्हणावं तर शहर गेलंय. वाड्या खासगी आहेत, गेटमधून हाक मारायची, "काका, आत येऊन बघू का?", बहुतेक जण हो म्हणतात आणि स्वतः दाखवायला येतात. रशियातून आलेला अफनासी निकितीन १५ व्या शतकात इथेच उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे.

दुसऱ्या दिवशी छोट्या होडीनं पलीकडे कोर्लईला जा. गावात जुने ख्रिश्चन लोक आहेत, ते घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून तयार झालेली वेगळीच बोली बोलतात, जगात बाकी कुठे नाही. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, शहराचे दगड पडले, आणि बोली मात्र अजून कालवणाला काय केलंय ते विचारतेय. म्हणून म्हणते नुसत्या भिंती बघून परत येऊ नका, गावात बसा, चहा प्या.

रेवदंडा ते जंजिरा-दिघी साधारण १५ मैल. इथे जंजिऱ्याला स्वतःची बोट लावायचा हट्ट करू नका. राजपुरीच्या खाडीत आत, वाऱ्यापासून आडोसा बघून नांगर टाका आणि राजपुरीच्या धक्क्यावरून ज्या शिडाच्या होड्या पर्यटकांना नेतात त्यातूनच जा, त्यांचा पोटाचा धंदा आहे आणि खरं सांगते, इंजिन नसलेल्या होडीतून, दोरीवर हात ठेवून नुसत्या बोटांनी वारा ओळखणारा तो माणूस बघणं हाच एक कोर्स आहे. दरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे पण पार जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आत पडका वाडा, गोड्या पाण्याचे तलाव, तोफा. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, आत राहणारी कुटुंबं हळूहळू किनाऱ्यावर गेली. गाईड तोफांचीच गोष्ट सांगतात, तुम्ही चुली, ओटे, पाण्याच्या वाटा शोधा, कुठल्या कोपऱ्यात वारा लागत नाही ते बघा, तिथेच घरं सापडतात. समोर पद्मदुर्ग दिसतो, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या नाकासमोर बांधलेला, तिथे उतरायचं असेल तर आधी मुरुडमध्ये विचारून घ्या.

पुढे बाणकोट, साधारण २० मैल, सगळ्यात लांब टप्पा आहे, याला उजाडायच्या आधी तयार राहा. दुपारी दोनपर्यंत हरिहरेश्वरचा डोंगर शेजारी आला नसेल तर इंजिन चालू करा, शिडाचा अभिमान बाजूला ठेवा. सावित्रीची खाडी, वर हिम्मतगड, म्हणजे बाणकोटचा किल्ला. बाणकोट ते हर्णै १० ते १२ मैल, हर्णैला खाडी नाही, उघडं बंदर आहे, भरतीची एवढी भानगड नाही पण रात्री बोट डोलत राहते. संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघाच, आणि समोर सुवर्णदुर्ग, आत आता वस्ती काही नाही, झाडी आणि पाण्याचे हौद.

दाभोळ हर्णैहून साधारण १५ मैल. पण तोपर्यंत तिथी पुढे सरकलेली असते आणि दुपारी उतरतं पाणी मिळतं, त्यामुळे सुट्टी कमी असेल तर हर्णैला बोट सुरक्षित लावून दाभोळ रस्त्यानं करा. १५५९-६० ची शाही मशीद, लोक अंडा मशीद म्हणतात, खाडीकाठी एकटी उभी आहे आणि तिच्याकडे बघून कळतं की इथे केवढं बंदर असणार. पाण्यातून गेलात तर एलएनजीची (द्रवरूप गॅसची) अवाढव्य जहाजं येतात, त्यांच्या चॅनेलपासून लांब राहा.

नांगर आणि जाळी

नांगराची दोरी खोलीच्या पाचपट तरी, सातपट चांगली, आणि खोली मोजायची ती पूर्ण भरतीची. ओहोटीला तीन मीटर असेल आणि वर तीन चढणार असेल तर सहा धरून ३० मीटर किमान. संध्याकाळी खाऱ्या वाऱ्यात बोट एका बाजूला तोंड करून असते, पहाटे मतलई आली की पूर्ण फिरते, त्या बाजूलाही जागा मोकळी हवी. टाकायच्या आधी जवळच्या बोटीवरच्या माणसाला विचारा, "नाखवा, इथे टाकला तर चालेल ना?" तो सांगेल जाळी कुठे आहेत. डोल जाळी खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगत रांगेनं लावलेली असतात, बोये, झेंडे, कधी नुसते तरंगणारे कॅन. दोन बोयांच्या मधून घुसायचं नाही, पूर्ण रांगेला वळसा घालायचा. अडकलंच तर चाकू काढायच्या आधी मालकाला हाक मारा, ते जाळं त्याचं घर चालवतं. याच कारणासाठी रात्री बोट चालवायची नाही.

ओसाड घरं, बंद घरं

किल्ले पुरातत्त्व खात्याकडे आहेत, रात्री आत राहायचं नाही, चूल पेटवायची नाही, ड्रोन उडवायचा नाही. दगड, कौलाचे तुकडे, जुनी बाटली, काही उचलायचं नाही.

पण खाडीकाठच्या गावात अजून एक प्रकार दिसेल, अख्खी आळी बंद, दाराला कुलूप, अंगणात पाचोळा. ती ओसाड नाहीत. चाकरमानी मुंबईला आहेत, गणपतीला आणि शिमग्याला येतील, तुळशीपाशी दिवा कुणीतरी शेजारी लावत असतं. खिडकीतून मोबाइल घालून फोटो काढू नका, आपल्या घराचं कुणी केलं तर कसं वाटेल. पुढे कधी मालवणच्या बाजूला आचऱ्याला गेलात तर तिथली गावपळण ऐका, दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुरंढोरं घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. त्या दिवसांत रिकाम्या गावात शिरणं म्हणजे पाहुण्यानं करायची शेवटची गोष्ट, वेशीबाहेरच्या राहुट्यांमध्ये मात्र खुशाल जा.

दोघांचं जमण्यासाठी

सुकाणू आणि दोऱ्या दर तासाला बदला. वाऱ्यात ओरडूनच बोलावं लागतं आणि धक्क्यावरच्यांना वाटतं भांडण चाललंय, आणि दहा मिनिटांनी तुम्हालाही तसंच वाटायला लागतं, म्हणून हाताच्या खुणा ठरवून घ्या: थांब, सोड, ओढ, डावीकडे, उजवीकडे. धक्क्याला लागताना एकच बोलणार, कोण ते आधी ठरलेलं. आणि दोघांपैकी एकाला जरी आज निघावंसं वाटत नसलं तर निघायचं नाही, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे हा नियम नवऱ्यानं काढला आणि सगळ्यात जास्त तोच वापरतो.

सामान थोडक्यात

लाइफ जॅकेट अंगावर, पिशवीत नाही. माणशी रोज पाच लिटर पाणी. वीएचएफ रेडिओ, चॅनेल १६ ऐकत राहा, कोस्ट गार्डचा इमर्जन्सी नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. घरी कुणाला तरी रोज संध्याकाळी मेसेज, आज कुठे आहोत आणि उद्या कुठे. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून, निघायच्या आधी घ्यायची, सुरू झाल्यावर उपयोग नाही, आलेपाक खिशात. चिवडा, ठेचा, दशम्या नेल्यात तर दोन दिवस चूल पेटवायची गरज नाही, आणि पेटीभर द्राक्षं नेली तर कोळीवाड्यात त्याच्या बदल्यात ताजी मासळी कोण देत नाही ते बघतेच मी.

परत आल्यावर

बोट तिकडे ठेवणार असाल तर ज्याच्या भरवशावर ठेवताय त्याला उधाणाच्या तारखा लिहून द्या आणि दोन दोऱ्या जादा बांधा. शीड, दोऱ्या, जॅकेटं घरी आणली की गोड्या पाण्यात बुडवून मीठ काढा आणि गच्चीत सावलीत वाळवा, उन्हात टाकाल तर कापड जातं आणि ओलंच गुंडाळलंत तर आठवड्यात काळे ठिपके पडतात, ते मग कशानंही निघत नाहीत. इंजिनमधून गोडं पाणी फिरवा, त्याला निदान दहा मिनिटं द्या.